न घेतलेल्या चार गोळ्या

माझा दादा सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. जुनं कापड उतरवायचं, आतला काथ्या पिंजून पुन्हा भरायचा, ढिल्या स्प्रिंगा ताणायच्या आणि वर नवं कापड ठोकायचं. ठोकायला जे बारीक खिळे लागतात त्यांना कारागीर चुका म्हणतात. त्या पटकन हाताशी याव्यात म्हणून दादा मूठभर चुका तोंडात धरून बसतो. त्यामुळे दिवसातले सहा-सात तास त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. काहीही विचारा, उत्तर एकच. "हं."

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा निम्मा घोळ त्या 'हं'नं केला.

वहिनी कापड बेतते आणि शिवते. दुकान तळमजल्यावर, वर त्यांचं घर आणि त्याच्या वर माझ्या दोन खोल्या. मी शहराची बस चालवते. दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. ती दिवसभर काहीतरी कुरतडत असते, पेन्सिल, बिस्किटं, नाहीतर स्वतःची नखं, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात. एवढंच आमचं कुटुंब.

वहिनीला चाळिसावं लागलं आणि पाळी चुकली. तिला वाटलं, चला, सुटलो एकदाचे, आता ही कायमची जायची तयारी करतेय. दोन आठवडे ती खुशीत होती. मग एका सकाळी दुकानात फोम चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला आणि वहिनी तोंडावर पदर दाबून मोरीकडे पळाली. सतरा वर्षं ज्या वासात काम केलं त्याच वासानं पोटात ढवळावं, याचा अर्थ एकच. खारूताईच्या वेळी असंच झालं होतं. तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा आल्या तेव्हा तिनं मला हाक मारली नाही, आधी दादाकडे गेली, ते बरोबरच होतं.

दादा एका मोठ्या कोचाच्या पाठीवर कापड ठोकत होता.

"अहो, मला दिवस गेलेत."

हातोडी थांबली.

"आता या वयात नको ना आपल्याला?"

"हं," दादा म्हणाला. थोड्या वेळानं हातोडी पुन्हा सुरू झाली.

दादाच्या बाजूनं सांगायचं तर संध्याकाळी, तोंड रिकामं असताना, दोघं नीट बोलले. तो म्हणाला, "त्रास तुला होणार, तेव्हा तू म्हणशील तसं." वहिनीनं त्यातून ऐकलं की याला नकोय. दादानं तिच्या सकाळच्या 'नको ना'मधून ऐकलं होतं की हिला नकोय. दोघं एकमेकांना इतकं जपत होते की खरं बोलायला कुणाला सवडच झाली नाही.

आणि नको म्हणायची कारणं काही खोटी नव्हती. खारूताईच्या वेळी वहिनी तीन महिने उलट्यांनी आडवी होती. आता कंबर दुखते. मशीनवर सलग चार तास बसलं की उठताना हात धरावा लागतो. मलाही तिचं पटलं. मी स्वतः एकोणतिसाव्या वर्षी गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या होत्या, आधीची आणि नंतरच्या अशा दोन्ही. त्या दिवशी माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन वहिनीच बसली होती. मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही. त्यामुळे गुरुवारी सुट्टी काढून मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती. तिच्याही नव्हती. ते ती आजही सांगते.

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. चष्मा साखळीला, साखळी गळ्यात आणि तरीही दर पाच मिनिटांनी चष्मा शोधायच्या. त्यांनी मला बाहेर घालवलं, वहिनीला एकटीला बसवलं आणि तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं की हे तुझंच ठरलंय ना. वहिनीनं तिन्ही वेळा हो सांगितलं. सातवा आठवडा होता. पहिली गोळी तिथेच पाण्याबरोबर घेतली. बाकीच्या चार एका पाकिटात घालून दिल्या. त्या शनिवारी सकाळी घरी घ्यायच्या, मग पोटात कळा येतील आणि सगळं बाहेर पडेल, असं समजावून सांगितलं. येताना वहिनी माझ्याशी गप्पा मारत होती. रस्त्यात थांबून तिनं दुकानासाठी दोरा घेतला, दुकानदाराशी रंगावरून वाद घातला आणि जिंकली.

शुक्रवारी दुपारी मी आगारात डबा खात होते. फोन वाजला.

"वन्सं, कुठे आहेस?"

वहिनी मला ताई म्हणते. वन्सं ती फक्त चिडवताना म्हणते, आणि तेव्हा आवाजात हसू असतं. आज हसू नव्हतं. मी विचारलं, "रक्त जातंय का?"

"नाही. तेच तर. काहीच होत नाहीये. तू ये."

मी पुढची फेरी एका सहकाऱ्याच्या गळ्यात मारली आणि घरी आले. दादा कुणाचा तरी सोफा पोहोचवायला गेला होता. दुकानाचं दार आतून लावलेलं. मी वाजवलं, वहिनीनं उघडलं आणि आतला वास असा नाकात शिरला की माझेच डोळे भरून आले. सोल्युशनचा डबा टेबलावर उघडा. झाकण बाजूला. वहिनी परत जाऊन त्याच्यावर ओणवी झाली आणि वास घेऊ लागली.

"अगं, काय करतेस?"

"थांब जरा."

तिनं डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. आणखी एक घेतला. मी डबा ओढायला पुढे झाले, तेवढ्यात ती दचकली, तोंडावर हात दाबला आणि मला ढकलून मोरीकडे धावली. तिथून जो आवाज आला तो ऐकून कुणीही घाबरलं असतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले, तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं लग्नात होतं.

"आली," ती म्हणाली. "उलटी आली गं."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं, खिडक्या उघडल्या आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले.

"काल गोळी घेतली तेव्हा मला बरं वाटलं," ती सांगू लागली. "खरंच. घरी येताना हलकं वाटत होतं. आज सकाळी उठले तर मळमळ नाही. चहा केला, प्यायले, पोटात राहिला. केवढं हायसं वाटायला हवं होतं! आणि मला कसं वाटलं माहीत आहे? घरात पाहुणा आलाय, त्याला धड बस म्हटलं नाही, आणि आपण आत पाणी आणायला गेलो तेवढ्यात तो उठून गेलाय. सकाळपासून मी त्याला शोधतेय. म्हणून डबा उघडला."

"वहिनी, ती मळमळ गोळीनंही येऊ शकते."

"माहीत आहे. कागदावर लिहिलंय." तिनं नाक पुसलं. "पण मला कळलं ना काय ते. मळमळ आल्यावर मला आनंद झाला. माणसाला उलटीचा आनंद झाला म्हणजे काय समजायचं?"

मी बसवाली बाई, कुणी कुठे उतरायचं हे मी ठरवत नाही. एवढंच विचारलं, "दादाला माहीत आहे?"

"त्यांना नकोय गं."

"तो असं म्हणाला?"

"हं म्हणाले."

मी कपाळावर हात मारला.

दादा अर्ध्या तासानं आला. वहिनी तोवर तोंड धुऊन स्टुलावर बसली होती. मी निघायला लागले तर तिनं मनगट धरून ठेवलं. दादा सवयीनं भिंतीकडे गेला, डब्यातल्या चुका मुठीत घेतल्या आणि तोंडात टाकल्या.

"अहो, त्या काढा आधी."

"हं?"

"काढा म्हणते ना!"

दादानं एकेक चूक काढून तळहातावर ठेवली. सात निघाल्या. आठवी जिभेखाली अडकली होती, तीही निघाली. वहिनी म्हणाली, "मला उद्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आता काय होईल मला माहीत नाही. पण मला घ्यायच्या नाहीत. तुम्हाला नकोय हे मला माहीत आहे, पण..."

"मला नकोय?" दादा म्हणाला. "मला?"

आणि आमचा दादा, ज्याला गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही घाम फुटतो, तो सलग बोलायला लागला. म्हणाला, तू नको ना म्हणालीस तेव्हा मी काय म्हणणार होतो, तुझी कंबर मला दिसत नाही का, मागच्या वेळचे तीन महिने मी विसरलोय का, मी हवंय म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी ठेवलं असतंस आणि मग तुला काही झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघणार होतो. गुरुवारी तुम्ही दोघी गेलात तेव्हा मी त्या कोचाची पाठ दोनदा उलटी ठोकली. नक्षी खाली डोकं वर पाय. गिऱ्हाइकानं अजून पाहिलं नाही, पण पाहील.

वहिनी आधी त्याच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. मग दोघंही. मी म्हटलं, "हसणं नंतर, आधी डॉक्टरांना फोन."

डॉक्टरीणबाईंनी लगेच बोलावलं. यावेळी तिघं गेलो. वहिनीनं सगळं सांगितलं, सोल्युशनच्या डब्यासकट. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्याचा वास मुद्दाम घेतलास?"

"हो."

"पुन्हा घेतलास तर मी तुझ्या दुकानाला कुलूप लावीन. मळमळ मोजायचं ते यंत्र नाही. बरं, आता ऐक. गोड गोड सांगणार नाही."

त्यांनी चष्मा शोधला, तो गळ्यातच होता, आणि स्वच्छ सांगितलं. पहिल्या गोळीचा परिणाम पुसून टाकणारं खात्रीचं औषध नाही. तसं आहे असं सांगणारे लोक भेटतील, इंटरनेटवर तर नक्कीच भेटतील, पण ते सिद्ध झालेलं नाही आणि त्याचा अभ्यास करताना काही बायकांना फार रक्तस्राव झाला म्हणून अभ्यास थांबवावा लागला होता. तेव्हा करण्यासारखं एवढंच, की उरलेल्या चार गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि वाट बघायची. कधी गर्भ टिकतो, कधी टिकत नाही.

"किती वेळा टिकतो?" दादानं विचारलं.

"अर्ध्याहून कमी धरून चाला."

दादाचा चेहरा उतरला. वहिनीचा उतरला नाही. तिनं विचारलं, "आणि टिकला तर त्याला काही होईल का? त्या गोळीनं?"

"या पहिल्या गोळीनं व्यंग येतं असं आजवर दिसलेलं नाही. त्या चार गोळ्यांचं तसं नाही, म्हणून त्या घेऊन मग विचार बदललास तर मला काळजी वाटली असती. तू वेळेत आलीस. तरी आपण पुढे नीट लक्ष ठेवू." मग त्या वहिनीकडे वाकल्या. "फार रक्त जाऊ लागलं, दर तासाला दोन-दोन पॅड भिजू लागले, चक्कर आली, ताप आला, तर वेळकाळ न बघता यायचं. आणि मन पुन्हा बदललं, तरी यायचं. इथे कुणी तुला विचारणार नाही की परवा एक म्हणालीस आणि आज एक का म्हणतेस. माणसाला मन असतं, ते हलतं. कळलं?"

वहिनीनं पिशवीतून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते कपाटात टाकलं. दहा दिवसांनी सोनोग्राफीला या, म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर वहिनी थांबली. "ऐका दोघं," ती म्हणाली. "हे राहिलं नाही तर मी रडेन. पण मी काय पाप केलं वगैरे कुणी मला म्हणायचं नाही, आणि मीही म्हणणार नाही. काल गोळी घेतली तीही मीच होते. शहाणी होते. आजही शहाणीच आहे."

"कुणाची बिशाद आहे तुला वेडी म्हणायची," मी म्हटलं.

मग ते दहा दिवस सुरू झाले, आणि खरं सांगते, आमच्या घरात इतका गोंधळ आणि इतकं हसणं त्याआधी कधी झालं नव्हतं. खरं तर सगळे घाबरलेले होते, पण प्रत्येकानं दुसऱ्यासमोर ते लपवायचं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नेहमीची कामं कर, फक्त जड उचलू नकोस, असं सांगितलं होतं. दादानं त्याचा अर्थ असा काढला की वहिनीनं कात्रीसुद्धा उचलायची नाही. तो स्वतः मशीनवर बसला. पहिल्याच दिवशी त्यानं उशीच्या अभ्र्याला स्वतःच्या शर्टाची बाही शिवून टाकली. उठायला गेला तर उशी हाताला लटकतेय. सोल्युशनचे सगळे डबे त्यानं मागच्या शेडमध्ये नेले आणि चिकटवायचं काम तिथे, दार उघडं टाकून, करू लागला.

खारूताईला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. ते जमणार नव्हतंच. आई खुर्चीत बसून हुकूम सोडतेय, बाबा शिवतोय, आत्या रोज संध्याकाळी चौकशीला येतेय. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं बटाट्याचा तुकडा कुरतडता कुरतडता विचारलं, "आईला काय झालंय? मोठा आजार आहे का? असेल तर मला सांगा, मी लहान नाहीये."

वहिनीनं चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गोळीचंही. मला वाटलं गोळीचं वगळेल, पण नाही वगळलं. म्हणाली, उद्या तुझ्यावर अशी वेळ आली तर तुला कळायला हवं की आपल्याकडे या गोष्टी बोलता येतात.

खारूताईनं बटाटा ताटात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या परीक्षेच्या वेळी हे बाळ रडणार?"

"राहिलं तर. आणि परीक्षेनंतर महिनाभरानं येईल."

"मग ठीक आहे." तिनं बटाटा तोंडात टाकला. "नाव मी ठेवणार."

"नाव ठेवायला तू पटाईत आहेसच," दादा म्हणाला. त्याच्या तोंडातून विनोद ऐकून आम्ही तिघी एकमेकींकडे बघू लागलो.

पाचव्या दिवशी वहिनीला रक्ताचा डाग दिसला. मी बसवर होते, मला संध्याकाळी कळलं. मी धावत वर गेले तर ती पलंगावर पाय लांब करून बसली होती, दादा खाली जमिनीवर. डॉक्टरीणबाईंना फोन झाला होता. थोडासा आहे, भळभळत नाही, तर थांबा, वाढलं तर या, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मात्र कुणी विनोद केला नाही. खारूताईनं शाळेचं पुस्तक आणलं आणि आईजवळ बसून मोठ्यानं भूगोल वाचू लागली. ज्वालामुखींवरचा धडा होता. वहिनी मन लावून ऐकत होती. मधेच म्हणाली, "राहशील तर राहा बाबा, नाहीतर जा. पण एवढा धडा संपू दे."

डाग वाढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला. कशामुळे थांबला हे कुणाला माहीत नाही, डॉक्टरीणबाईंनीही छातीठोक काही सांगितलं नाही.

सातव्या दिवशी तिचं मन पुन्हा डगमगलं, हेही सांगायला हवं. सकाळी मी चहाला गेले तर म्हणाली, "ताई, मी वेडेपणा तर नाही ना करत? ते वीस वर्षांचं होईल तेव्हा मी साठीची असेन."

"हो."

"गुडघे गेलेले असतील."

"बहुतेक."

"आणि ते मला म्हणेल, आई, हळू काय चालतेस."

"म्हणेल."

तिनं थोडा विचार केला. "हा हिशेब मी आधीही केला होता. तेव्हा भीती वाटली होती. आता मला तो हळू काय चालतेस म्हणणारा बघायचाय." आणि तिनं माझ्या बशीतलं बिस्किट उचलून खाल्लं. तेवढ्यानं डगमगणं संपलं. मला पंधरा मिनिटं उशीर झाला, आणि पहिल्या थांब्यावरच्या उतारूंनी माझा उद्धार केला तो वेगळा.

दहाव्या दिवशी चौघंही दवाखान्यात. खारूताईनं शाळेला दांडी मारली. सोनोग्राफीच्या खोलीत दोनच माणसं, असा नियम होता. दादा आत गेला. मी आणि खारूताई बाहेर बाकावर. तिनं उजव्या हाताची सगळी नखं संपवली आणि डाव्या हाताकडे वळली. मी तिचा हात धरून ठेवला, म्हणजे दोघींनाही काहीतरी काम झालं. समोरच्या भिंतीवर दात घासायचे फायदे लिहिलेले होते. ते मी चार वेळा वाचले.

आतून काही ऐकू येईना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी धडामकन पडलं. खारूताई उठून उभी राहिली. दार उघडलं आणि डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. "या आत दोघी. नियम राहू दे. तुमचा दादा खुर्चीवरून पडलाय, त्याला उचला."

दादा खरंच जमिनीवर बसला होता. पडद्यावर करड्या धुरकट जागेत एक वाटाण्याएवढं काहीतरी होतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका भराभर लुकलुकत होता. डॉक्टरीणबाईंनी एक बटण फिरवलं आणि खोलीत आवाज घुमला, घाईघाईत कुणीतरी जिना चढतंय तसा.

"एवढ्या जोरात?" वहिनी म्हणाली.

"एवढ्याच जोरात असतं. अजून वाट लांब आहे, मध्ये काहीही होऊ शकतं, ते मी सांगणारच. पण आज हे असं आहे." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले, मग चष्मा पुसल्यासारखं केलं. "तीस वर्षांत मी कितीतरी बायकांना त्या गोळ्या दिल्या. ज्यांना हव्या होत्या त्यांनी घेतल्या आणि त्या हसत घरी गेल्या. तुला नको झाल्या, तूही हसत घरी जा."

मला तेव्हा त्या बाईंचा फार अभिमान वाटला, जणू त्या माझ्या नात्यातल्याच होत्या. एकोणतिसाव्या वर्षी मी याच खोलीतून बाहेर पडले होते आणि मोकळा श्वास घेतला होता. आज वहिनी पोटावरचं ते थंडगार जेल पुसत होती आणि तिनंही तसाच मोकळा श्वास घेतला होता. आमची नजर भेटली. तिनं हात पुढे केला. मी तो धरला, चिकट होता तरी.

पुढचे महिने काही सरळ गेले नाहीत. उलट्या झाल्या, मागच्यापेक्षा जास्त झाल्या, आणि प्रत्येक उलटीनंतर वहिनी "आनंदच आहे हो!" असं ओरडून सांगायची. कंबर इतकी दुखायची की दादानं एका जुन्या आरामखुर्चीतला सगळा काथ्या काढून तिच्या पाठीच्या मापानं भरला. तीनदा काढला, तीनदा भरला. तपासण्या जास्त झाल्या, सगळ्या ठीक निघाल्या. खारूताईची परीक्षा पार पडली. उलटी नक्षी ठोकलेल्या कोचाचा मालक एक दिवस आला, म्हणाला, "बायकोला फार आवडली, अशीच आणखी दोन खुर्च्यांवर ठोका." दादानं मान डोलावून "हं" म्हटलं.

मुलगा झाला, एका रविवारी सकाळी, पावणेतीन किलोचा, डोक्यावर भरपूर केस आणि आवाज असा की सुईणबाई म्हणाल्या हा बस थांबवणार. खारूताईनं अकरा नावं काढली. त्यातलं एकही कुणाला पसंत पडलं नाही, म्हणून सध्या तरी सगळे त्याला ढोल म्हणतात.

तीन महिन्यांनी वहिनी पुन्हा दुकानात बसू लागली. त्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगते आणि थांबते. एक निवृत्त न्यायाधीश आहेत, शेजारच्या गल्लीतले, अत्यंत वेळेचे पक्के आणि तोंडाचे तिखट. त्यांची वाचायची खुर्ची दुरुस्तीला होती. बरोबर चार वाजता ते ती न्यायला हजर झाले. मीही नुकतीच कामावरून आले होते. खुर्ची तयार होती, हिरवं कापड नुकतंच बसवलेलं, आणि तिच्यात आमचा ढोल हात पसरून झोपला होता. दिवसभर रडून रडून पाच मिनिटांपूर्वी डोळा लागला होता त्याचा.

दादा घाबरला. "साहेब, उचलतो मी, एक मिनिट."

न्यायाधीशांनी हात वर केला. खुर्चीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. वहिनी तोंडावर बोट ठेवून उभी होती. कोर्टात त्यांना कुणी असं गप्प केलं असेल असं वाटत नाही. ते हळूच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि हातातली काठी आवाज न करता भिंतीला टेकवली.

पाऊण तास बसले. दादा आणि वहिनी खुणांनी बोलत होते, मी बूट काढून हातात धरले होते. शेवटी न्यायाधीश उठले, वाकून ढोलकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "झोपू द्या त्याला. खुर्ची उद्या नेतो. मात्र उद्या चार म्हणजे चारच हं!"